मोराचा रंग आणि मोराचे कूळ

पाळीव मोरांचे रंगप्रकार ओळखणे हा विषय वरवर पाहता हौशी पक्षिपालकांपुरता वाटतो. परंतु त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सुटे न करता दिलेली उत्तरे बहुधा चुकतात. समोरचा पक्षी कोणत्या जातीचा आहे, हा पहिला प्रश्न. त्या जातीच्या मूळ रंगात कोणता बदल झाला आहे, हा दुसरा. आणि तो रंग अंगावर कोठे उमटला व कोठे उमटलाच नाही, हा तिसरा. येथे ‘जाती’ हा शब्द जीवशास्त्रीय अर्थाने, म्हणजे स्वतंत्र वंशपरंपरा असलेल्या प्राणिगटासाठी वापरला आहे, तर एकाच जातीत जनुकातील बदलामुळे निपजलेल्या रूपांना ‘प्रकार’ म्हटले आहे. या दोहोंची गल्लत पक्ष्यांच्या बाजारात आणि प्राणिसंग्रहालयांच्या पाट्यांवर होते तशी ती शास्त्रीय वाङ्मयातही झालेली आहे.

आशियात मोराच्या दोनच जाती आहेत. भारत आणि श्रीलंका येथील निळा मोर लिनियसने १७५८ मध्ये ‘पॅव्हो क्रिस्टॅटस’ या नावाने नोंदवला आणि म्यानमारपासून हिंदचीन व जावापर्यंत आढळणारा हिरवा मोर त्यानेच १७६६ मध्ये ‘पॅव्हो म्यूटिकस’ या नावाने नोंदवला. हिरव्या मोराच्या तीन उपजाती मानल्या जातात: जावामधील झळाळत्या सोनेरी-हिरव्या रंगाची म्यूटिकस, हिंदचीनमधील अधिक गडद इम्परेटर आणि म्यानमारच्या पश्चिमेकडील, तुलनेने मंद व निळसर छटेची स्पायसिफर. ही शेवटची छटा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण निळसर हिरवा मोर दिसला की त्याला तत्काळ संकरित ठरवण्याचा मोह होतो.

आफ्रिकेतील काँगो मोर हा या कुटुंबाचा तिसरा, दूरचा नातेवाईक. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ जेम्स चॅपिन यांना १९१३ मध्ये काँगोत शिरोभूषणात खोवलेले एक अनोळखी पीस मिळाले होते. पुढे १९३६ मध्ये बेल्जियममधील टेर्व्यूरेन येथील संग्रहालयात त्यांना दोन पेंढा भरलेले पक्षी आढळले आणि त्यांच्यावर बाहेरून आणलेल्या साध्या मोराची पिल्ले अशा अर्थाची चिठ्ठी होती. एक संपूर्ण नवी जाती चुकीच्या चिठ्ठीखाली वर्षानुवर्षे पडून राहिली, यावरून मोरांच्या ओळखीत पाटीवर किती विसंबावे, याचा अंदाज येतो.

रंगप्रकार समजण्यासाठी मोराचा रंग मुळात कसा तयार होतो, हे पाहणे आवश्यक आहे. मोराच्या पिसांत निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसते. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू फुटतात आणि या उपतंतूंच्या पृष्ठभागाखाली मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. प्रकाश या जाळीवरून परावर्तित होताना ठरावीक लांबीच्या लहरी बळावतात आणि बाकीच्या मावळतात. चीनमधील फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की निळ्या भागात या कांड्यांमधील अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात सुमारे १५० आणि पिवळ्या भागात सुमारे १६५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पिसाऱ्यावरच्या डोळ्यातील निळ्यापासून पिवळ्यापर्यंतची रंगसंगती अशी अवघ्या पंचवीस नॅनोमीटरच्या फरकात सामावलेली आहे. एकोणिसाव्या शतकापूर्वीही, म्हणजे रॉबर्ट हूकच्या १६६५ च्या ग्रंथात आणि न्यूटनच्या १७०४ च्या प्रकाशविषयक ग्रंथात, मोरपिसाच्या रंगाचा संबंध द्रव्याऐवजी पिसाच्या बारीक रचनेशी जोडला गेला होता. पुरावा मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावरच मिळाला.

या रचनेचा परिणाम असा, की मेलॅनिनचे प्रमाण, जात किंवा मांडणी यांपैकी काहीही बिघडले तरी निळा रंग केवळ फिका पडत नाही, तर तो वेगळाच होतो. पाळीव मोरांतील बहुतेक रंगप्रकारांचे मूळ येथे आहे. ‘कॅमिओ’ या प्रकारात मानेचा निळा रंग जाऊन तपकिरी येतो आणि अंग दुधाळ चहाच्या रंगाकडे झुकते. ‘पर्पल’ हा नव्या पिसांत जांभळा दिसतो, परंतु उन्हाने विटून वर्षअखेरीस ओळखू येणार नाही इतका उतरतो. ‘ब्राँझ’ गडद तपकिरी, ‘ओपल’ मोतिया राखाडी, तर ‘चारकोल’ कोळशासारखा आणि झळाळीविना असतो. जेड, मिडनाइट, टोप, व्हायोलेटा ही नावेही आता रूढ झाली आहेत. यांतील बरेचसे रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पक्षिपालकांच्या कळपांत प्रथम दिसले आणि तेथेच निवडक प्रजननाने स्थिर करण्यात आले, म्हणून त्यांची इंग्रजी नावेच सर्वत्र चालतात. ती नावे कापडाच्या दुकानातील छटांच्या नावांसारखी आहेत. विकणाऱ्याला ती सोयीची असली, तरी ओळखणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाहीत, कारण ऊन, पिसांचे वय आणि पक्ष्याचे वय या तिन्ही गोष्टी छटा बदलवतात. कॅमिओची उन्हात विटलेली पिसे आणि ‘पीच’ या अधिक फिक्या, लालसर प्रकाराची ताजी पिसे यांत छायाचित्रावरून भेद करणे जाणकारालाही कठीण जाते.

छटेपेक्षा वारशाची रीत अधिक भरवशाची खूण ठरते. पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रे झेड-झेड अशी सारखी असतात, तर मादीची झेड-डब्ल्यू अशी वेगळी. कॅमिओ आणि पर्पल यांची जनुके झेड गुणसूत्रावर आहेत आणि ती अप्रभावी आहेत, म्हणजे जोडीला मूळ रंगाचे जनुक असल्यास झाकली जातात. लांडोरीजवळ झेड गुणसूत्र एकच असल्याने तिच्यात एक जनुक असले तरी रंग उघड होतो. मोरात तो उघड व्हायला दोन्हीकडून जनुक यावे लागते. म्हणून कॅमिओ मोर आणि निळी लांडोर यांच्या सर्व माद्या कॅमिओ निघतात आणि सर्व नर निळे दिसतात. परंतु हे निळे नर कॅमिओचे छुपे वाहक असतात. अशा जोडीच्या पिल्लांचे लिंग अंड्यातून बाहेर पडताच रंगावरून सांगता येते, जे एरवी मोराच्या पिल्लांत महिनोन्महिने जमत नाही. जोडी उलटी, म्हणजे निळा मोर आणि कॅमिओ लांडोर अशी असेल, तर एकही पिल्लू कॅमिओ दिसत नाही. कॅमिओ आणि पर्पल ही दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर असल्यामुळे ती एकत्र येण्यासाठी गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल व्हावी लागते. तशी ती झाली आणि त्यातून पीच निपजला. ब्राँझ, ओपल यांसारखे रंग लिंगगुणसूत्रावर नसल्याने तेथे नर आणि मादी दोघांनाही दोन जनुके लागतात. एका पिढीची नोंद नीट ठेवली, तर एखादा तपकिरी नर कॅमिओ आहे की ब्राँझ, हे त्याच्या पिल्लांवरून निःसंशय ठरते, जे नुसते पिसांकडे पाहून ठरेलच असे नाही.

रंगाहून वेगळी बाब नमुन्याची. नमुना म्हणजे रंग अंगावर कसा वाटला गेला आहे, ते. रानटी निळ्या मोराच्या खांद्यावर आणि पंखांच्या वरच्या भागावर बदामी व काळे आडवे पट्टे असतात. ‘काळ्या खांद्याच्या’ मोरात हे पट्टे नाहीसे होऊन पंख निळसर-हिरव्या झळाळीचा काळा होतो. चकचकीत रोगण दिल्यासारखा दिसतो म्हणून त्याला इंग्रजीत ‘जपान्ड’ असेही म्हणत. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६० मध्ये याला स्वतंत्र जाती मानून ‘पॅव्हो नायग्रिपेनिस’ हे नाव दिले. त्यासाठी आधारही होता, कारण या पक्ष्याची लांडोर साध्या लांडोरीहून अगदी वेगळी, जवळजवळ पांढरी आणि काळ्या ठिपक्यांची असते, आणि ही जोडी आपल्यासारखीच पिल्ले देते. परंतु चार्ल्स डार्विन यांनी १८६८ च्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांवरील ग्रंथात या मताला आक्षेप घेतला. इंग्लंडमधील लॉर्ड ब्राउनलो, सर जे. ट्रेव्हेलियन आणि थॉर्नटन यांच्या कळपांत काळ्या खांद्याचे पक्षी बाहेरून न आणता अचानक जन्मले होते, आणि ट्रेव्हेलियन यांचा कळप तर संपूर्णपणे साध्या मोरांचा होता, ही उदाहरणे त्यांनी मांडली. यांपैकी दोन कळपांत हा प्रकार मूळ मोरांपेक्षा लहान व दुबळा असूनही वाढत जाऊन त्याने मूळ प्रकार नाहीसा केला, हेही त्यांनी नोंदवले. हा पक्षी नवी जाती नसून साध्या मोरांतच एकाएकी उद्भवलेला प्रकार आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोम्स आणि बर्गर या संशोधकांनी १९९१ मध्ये नियंत्रित प्रजननाच्या आधारे काळ्या खांद्याचा नमुना एका अप्रभावी जनुकाने येतो आणि कॅमिओ लिंगसंलग्न आहे, हे प्रसिद्ध केले. त्याच लेखात ‘ओटन’ हा निराळा वाटणारा फिका पक्षी म्हणजे काळा खांदा आणि कॅमिओ या दोहोंचा योग आहे, हेही स्पष्ट झाले. डार्विनच्या तर्काला पुष्टी मिळायला एकशे तेवीस वर्षे लागली, तीही एका तुलनेने सोप्या प्रश्नावर.

पांढरा मोर हा या सगळ्यांत लोकप्रिय आणि सर्वाधिक गैरसमजांचा विषय. त्याला सर्रास ‘अल्बिनो’ म्हणतात, ते चूक आहे. खऱ्या अल्बिनो प्राण्याच्या डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने ते गुलाबी-लाल दिसतात. पांढऱ्या मोराचे डोळे निळसर किंवा गडद असतात, म्हणजे रंगद्रव्य बनवण्याची क्षमता शाबूत असून ते पिसांत पोहोचलेले नसते. या अवस्थेला ल्यूसिझम म्हणतात. पिसांत मेलॅनिनची जाळीच नसल्यामुळे झळाळी नाही, तरीही पिसाऱ्यावरचे डोळे पोताच्या फरकाने अंधुक ओळखू येतात. ओळखीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की पांढरेपणा हा रंग नसून पडदा आहे. एखादा पांढरा मोर आतून निळा, काळ्या खांद्याचा, कॅमिओ किंवा ब्राँझही असू शकतो आणि ते पडदा दूर झाल्याविना, म्हणजे रंगीत पिल्ले होईपर्यंत, कळत नाही. हेच संकरालाही लागू पडते. हिरव्या मोराचे रक्त असलेल्या पांढऱ्या पक्ष्यात रंगाच्या सर्व खुणा पुसल्या गेलेल्या असतात आणि तुरा व बांधा एवढ्यावरच निभावावे लागते.

पांढरा आणि निळा यांच्या मधला ‘बांडा’ मोर, ज्याच्या अंगावर रंगीत व पांढरे मोठे डाग असतात, तो पक्षिपालकांच्या प्रदीर्घ अनुभवानुसार पांढऱ्याचे एक आणि बांडेपणाचे एक अशी दोन जनुके एकत्र आल्यावर होतो. म्हणून बांड्या जोडीची सगळी पिल्ले बांडी होत नाहीत. सरासरीने एक चतुर्थांश पांढरी, निम्मी बांडी आणि उरलेली एक चतुर्थांश जवळजवळ पूर्ण रंगीत, फक्त थोड्या पांढऱ्या पिसांची निघतात. या शेवटच्या गटातील पक्षी साधा समजून विकला जातो आणि पुढे त्याची पिल्ले विकत घेणाऱ्याला चकवतात. पिसाऱ्यावरचे डोळे पांढरे करणारे ‘पांढरा डोळा’ हे आणखी एक स्वतंत्र जनुक आहे. ते बांडेपणाबरोबर आले, की बहुतांशी पांढरा आणि मान व पिसाऱ्यात थोडाच रंग राखलेला ‘सिल्व्हर पाइड’ पक्षी दिसतो. पांढऱ्या डोळ्यांची पारख पिसारा आल्यावरच होते आणि मोराला पूर्ण पिसारा साधारण तिसऱ्या वर्षी येतो, हे विसरून केलेले खरेदी-विक्रीचे दावे विश्वासार्ह मानू नयेत.

वय आणि लिंग यांमुळे होणारी फसगत याहून मोठी आहे. काळ्या खांद्याची पिल्ले अंड्यातून पिवळसर-फिकी निघतात आणि पांढऱ्या मोराची पिल्लेही पिवळीच असतात. पहिल्या आठवड्यांत फरक एवढाच, की काळ्या खांद्याच्या पिल्लांच्या पंखांत तपकिरी झाक असते. पुढे याच प्रकारातील नर गडद होत जातो, मादी मात्र पांढरट राहते, आणि ती बांडी किंवा पांढरी म्हणून खपते. दुसरीकडे, वयोवृद्ध किंवा अंडाशय निकामी झालेल्या लांडोरीला मोरासारखी पिसे येतात, कारण पिसांचा मादीरूप रंग अंडाशयातील स्रावावर टिकून असतो आणि तो स्राव थांबला, की नराचे रूप प्रकटते. शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८० मध्ये लेडी टिंट यांच्या अशा एका बांड्या लांडोरीचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. अनेकदा पिल्ले काढून झाल्यावर तिने नराचे रूप घेतले होते. बांडे मोर अठराव्या शतकातच इंग्लंडमध्ये पाळले जात होते, हे त्यातून सहजच कळते.

आता संकराचा प्रश्न. निसर्गात निळ्या आणि हिरव्या मोराचे प्रदेश जवळजवळ वेगळे असल्याने त्यांची भेट मुख्यतः पिंजऱ्यात होते. तेथे ते सहज जोडी जमवतात आणि त्यांची संतती खेचरासारखी वांझ न राहता पूर्ण प्रजननक्षम असते. कॅलिफोर्नियातील स्पॉल्डिंग कुटुंबाच्या पक्षिसंग्रहात हा संकर गाजल्यामुळे अशा सर्व पक्ष्यांना ‘स्पॉल्डिंग’ म्हणतात. मोर आणि गिनी कोंबडी यांसारखे दूरचे संकर नोंदले गेले आहेत, परंतु ते विरळा असून त्यांची वंशवेल पुढे जात नाही, म्हणून ओळखीच्या दृष्टीने ते बाजूला ठेवता येतात.

पहिल्या पिढीचा स्पॉल्डिंग ओळखणे अवघड नाही. निळ्या मोराचा तुरा पंख्यासारखा पसरट असून त्याच्या काड्या उघड्या आणि फक्त टोकाला पिसांचे गोंडे असतात. हिरव्याचा तुरा उभा, अरुंद आणि काडीच्या पूर्ण लांबीला पिसे असलेला असतो. संकरित पक्ष्यात काडीचा काही भाग उघडा आणि काही भरलेला दिसतो. निळ्याच्या चेहऱ्यावर डोळ्याच्या वर व खाली पांढरी कातडी असते, हिरव्याच्या डोळ्याजवळ निळसर आणि कानाकडे गर्द पिवळी; संकरितात पांढऱ्यात पिवळ्याची झाक मिसळते. निळ्याची मान गुळगुळीत, हिरव्याची माशाच्या खवल्यांसारखी. संकरिताची अर्धवट खवलेदार. हिरवा मोर उंच पायांचा आणि कमी गोंगाट करणारा, तर निळ्याचा केकारव सर्वांच्या परिचयाचा. सर्वांत बोलकी साक्ष मात्र लांडोर देते: निळी लांडोर तपकिरी पाठीची व पांढऱ्या पोटाची, तर हिरवी लांडोर जवळजवळ मोराइतकीच हिरवी असते, त्यामुळे मिश्र रक्त माद्यांत लवकर उघडे पडते. नराच्या पंखावरील पुसट पट्टे हीदेखील एक खूण आहे, पण काळ्या खांद्याचा निळा मोर संकरात वापरला असेल, तर वंशात पट्टे उरतीलच असे नाही आणि ती खूण निकामी होते.

अडचण पुढच्या पिढ्यांत येते. संकरित पक्ष्याला पुन्हा शुद्ध हिरव्याशी जोडत गेल्यास हिरव्या रक्ताचा सरासरी वाटा ५० टक्क्यांवरून ७५, मग ८७.५ आणि मग ९३.७५ टक्क्यांवर जातो. तिसऱ्या-चौथ्या पिढीत तुरा, चेहरा आणि मान यांपैकी एकही खूण ठामपणे बोट ठेवता येईल अशी राहत नाही. शिवाय हे आकडे केवळ सरासरीचे असून प्रत्यक्षात दोन सख्ख्या भावंडांतही कमी-अधिक मिश्रण असू शकते. पक्षिपालकांमध्ये प्रचलित असलेली टक्केवारीची भाषा म्हणून वंशावळीच्या वहीत शोभते, पक्ष्याच्या अंगावर ती वाचता येत नाही. पेशीतील तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा, डीएनए तपासूनही काम भागत नाही, कारण तो केवळ आईकडून येतो. आईची आई हिरवी असेल, तर निळ्या मोराचा वारसा असलेला नातूही त्या चाचणीत निखळ हिरवा ठरेल. दोन्ही पालकांकडून आलेल्या केंद्रकातील डीएनएची अनेक ठिकाणी तुलना केली, तरच मिश्रण हाती लागते.

या काटेकोरपणाची गरज हौसेपुरती नाही. हिरवा मोर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त आहे. मलाय द्वीपकल्पातून तो विसाव्या शतकात नाहीसा झाला. चीनच्या युन्नान प्रांतात रानटी पक्षी काही शेकड्यांवर आले आहेत, तर त्याच देशात निळे मोर मोठ्या संख्येने पाळले जातात आणि पिंजऱ्यातील कित्येक ‘हिरवे’ मोर संकरित असल्याचे आढळले आहे. असे पक्षी रानात सोडले, तर संवर्धनाच्या नावाखाली जातीचेच पाणी बदलेल. या संदर्भात डोळ्यांच्या साक्षीची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. अनुभवी नजर एखादा पक्षी संकरित आहे, असे खात्रीने सांगू शकते. एखादा पक्षी शुद्ध आहे, असे ती कधीही सांगू शकत नाही. पहिल्या विधानाला एक खूण पुरते, दुसऱ्याला मात्र सर्व पूर्वजांची माहिती लागते. रंगप्रकारांबाबतही हाच न्याय आहे: दिसणारा बदल सांगता येतो, झाकलेला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली असो वा बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य, येथील मोर हे रानटी निळे मोर आहेत आणि त्यांच्यात बदललेल्या रंगाचा पक्षी दिसणे ही क्वचित घडणारी, परंतु पूर्णपणे नैसर्गिक गोष्ट आहे. तो वेगळ्या जातीचा किंवा परदेशातून आलेला मानण्याचे कारण नाही. असा पक्षी आढळल्यास त्याच्या डोळ्यांचा रंग, पंखांवरील पट्टे आणि सोबतच्या पक्ष्यांची संख्या टिपून ठेवावी व वनविभागाला कळवावे, पकडण्याचा प्रयत्न करू नये. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे आणि त्या नोंदीत रंगाचा कोणताही अपवाद केलेला नाही.